त्रेसष्टाव्या वर्षी नवी नोकरी, हाती तोच की-बोर्ड

प्रतिनिधी

युनिक्स या संगणकप्रणालीचे जनक केन थॉम्प्सन २००६ साली गूगलमध्ये रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय ६३ होते. कंपनीचा एक नियम असा होता, की ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहून तो कंपनीच्या भांडारात जमा करायचा, ती भाषा आपल्याला येते हे प्रत्येकाने आधी सिद्ध करायचे. थॉम्प्सन यांनी ही परीक्षा दिली नव्हती. त्यामुळे ज्या 'सी' भाषेची पूर्वज असलेली 'बी' भाषा त्यांनी स्वतः घडवली, त्याच 'सी'मधला प्रोग्रॅम जमा करण्याची मुभा त्यांना नव्हती! पीटर सायबेल यांच्या 'कोडर्स अॅट वर्क' या २००९ सालच्या मुलाखतसंग्रहात थॉम्प्सन यांनी हा किस्सा सांगितला आहे. त्यात तक्रारीचा सूर नाही. परीक्षा द्यायची गरजच आजवर पडली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

या किश्श्यावर संगणक क्षेत्रातली मंडळी खूप हसली. पण त्यातली खरी नवलाची गोष्ट हसण्याच्या ओघात निसटून जाते. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार वीस वर्षांहून अधिक काळ पदरी असलेला माणूस, निवृत्तीचे वय उलटल्यावर, सल्लागार किंवा संचालक म्हणून नव्हे, तर प्रोग्रॅम लिहिण्यासाठी नव्या नोकरीवर जातो, हे आपल्याकडच्या वाचकाला सहजी पटणारे नाही. पुण्यातल्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईतल्या ऐरोलीत नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. दहा-बारा वर्षे झाली, की लग्नसमारंभात एखादे काका हमखास विचारतात, ''अजून कोडिंगच करतोस? हाताखाली किती माणसे आहेत?'' प्रोग्रॅम लिहिणे ही आपल्याकडे शिडीची पहिली पायरी समजली जाते आणि तिथे रेंगाळणे म्हणजे मागे पडणे. पगाराच्या श्रेण्याही बहुतेक ठिकाणी याच समजुतीवर बेतलेल्या असतात. त्यामुळे ज्यांना हे काम मनापासून आवडते, त्यांनाही पस्तिशीच्या आसपास ते सोडून बैठका आणि तक्ते यांच्याकडे वळावे लागते. या पार्श्वभूमीवर थॉम्प्सन यांच्या कारकीर्दीकडे पाहण्यासारखे आहे. त्यांच्यासारखी प्रतिभा सर्वांना लाभत नाही, हे उघडच आहे. पण साठ वर्षे एकच काम करूनही त्यातली गोडी कशी टिकते, हा प्रश्न प्रतिभेपुरता मर्यादित नाही.

थॉम्प्सन यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९४३ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झाला. वडील अमेरिकी नौदलात होते, त्यामुळे लहानपण बदल्यांमध्ये गेले. प्राथमिक शाळेत असतानाच त्यांना द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ शून्य आणि एक वापरून, गणिते सोडवण्याचा नाद लागला. पुढे रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सची आवड लागली आणि ती त्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभियांत्रिकी शाखेत घेऊन गेली. तेथे संगणक भेटला आणि बाकीचे सारे मागे पडले. विद्यापीठाचा मोठा संगणक त्या काळी मध्यरात्री बंद होत असे. थॉम्प्सन यांच्याकडे किल्ली होती. मध्यरात्रीनंतर ते दार उघडून संगणक सुरू करत आणि सकाळी आठपर्यंत ते अवाढव्य यंत्र त्यांच्या एकट्याच्या मालकीचे असे. 'पर्सनल कॉम्प्युटर' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी या विद्यार्थ्याने तो असा रात्रपाळीने मिळवला होता. आपण कामाने झपाटलेले होतो, पण डोळ्यांपुढे ध्येय असे काही नव्हते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

नोकरीही त्यांनी शोधली नाही. बेल लॅब्ज या न्यू जर्सीतल्या विख्यात संशोधन संस्थेने बोलावणे धाडले, तेव्हा त्यांनी आधी नकारच दिला होता. संस्थेचा माणूस घरी येऊन थडकला, तेव्हा ''येईन, पण नोकरी करणार नाही,'' असे सांगून ते गेले. फुकटच्या प्रवासात पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या मित्रांना भेटून घ्यावे, हा हेतू होता. बेल लॅब्जच्या दालनांतून फिरताना दारांवरच्या पाट्यांवर त्यांना ओळखीची नावे दिसू लागली. ज्यांचे शोधनिबंध वाचून आपण शिकलो ती माणसे इथे बसतात, हे पाहून त्यांचे मत डळमळले. १९६६ साली ते मरे हिल येथे रुजू झाले आणि पुढची ३४ वर्षे तेथेच राहिले.

बेल लॅब्ज ही अमेरिकेच्या दूरध्वनी व्यवसायावर जवळजवळ एकाधिकार असलेल्या 'एटी अँड टी' या कंपनीची प्रयोगशाळा. ट्रान्झिस्टरचा शोध इथलाच. दूरध्वनीच्या बिलांतून येणाऱ्या अखंड पैशामुळे तेथील संशोधकांना 'यंदा काय विकले?' असे कुणी विचारत नसे. युनिक्सची कथा सांगताना एकट्या माणसाची करामत तेवढी सांगितली जाते आणि हे निवांतपण कुणी पुरवले, ते गाळले जाते. ते गाळू नये, असे आम्हाला वाटते.

साठच्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची महत्त्वाकांक्षी संगणकप्रणाली हाती घेतली होती. एकच मोठा संगणक शेकडो लोकांनी एकाच वेळी वापरावा, वीज किंवा दूरध्वनीसारखी संगणकसेवा घराघरांत पोचावी, असे ते स्वप्न. काम लांबत गेले आणि १९६९च्या वसंतात बेल लॅब्जने अंग काढून घेतले. थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी डेनिस रिची यांचे त्यामुळे मोठेच नुकसान झाले. मल्टिक्समध्ये गुंतलेल्या या मंडळींना मिळून-मिसळून काम करता येईल अशा संगणकाची सवय लागली होती आणि तीच आता हिरावली जाणार होती. नवा संगणक घेऊन द्या, अशा अर्जांना वरिष्ठ दाद देईनात. एका मोठ्या प्रकल्पात नुकतेच हात पोळले असताना ते देणार तरी कसे?

मग कामी आला तो एक खेळ. सूर्यमालेत यान फिरवून ते ग्रहांवर, उपग्रहांवर उतरवायचे, असा 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा खेळ थॉम्प्सन यांनी लिहिला होता. संस्थेच्या मोठ्या संगणकावर तो खेळायला एका डावामागे सुमारे ७५ डॉलरचा संगणककाळ खर्ची पडे आणि यान हाकणेही अवघड जाई. शोधाशोध करता त्यांना एका कोपऱ्यात फारसा न वापरला जाणारा पीडीपी-७ हा छोटा संगणक सापडला. त्याचा पडदा उत्तम होता, स्मृती मात्र अवघी आठ हजार शब्दांची. आज मोबाइलमधले एक साधे छायाचित्रही त्यात मावणार नाही. रिची यांच्या मदतीने त्यांनी खेळ या यंत्रावर आणला आणि त्या खटाटोपात यंत्राची नस न नस त्यांना ठाऊक झाली.

त्यानंतर माहिती साठवण्याच्या चकतीवरून जास्तीत जास्त वेगाने मजकूर कसा मिळवता येईल, यासाठी ते त्याच यंत्रावर एक प्रोग्रॅम लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आले, की पूर्ण संगणकप्रणालीपासून आपण तीन आठवडेच दूर आहोत. मजकूर संपादित करणारा एडिटर हवा, यंत्रभाषेत रूपांतर करणारा असेम्बलर हवा आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल हवे. प्रत्येकाला एक आठवडा. नेमक्या त्याच सुमारास त्यांची पत्नी लहानग्या मुलाला घेऊन तीन आठवड्यांसाठी कॅलिफोर्नियाला सासरच्या मंडळींकडे गेली. १९६९च्या त्या उन्हाळ्यात माणूस चंद्रावर उतरला आणि न्यू जर्सीत एका रिकाम्या घराच्या धन्याने युनिक्स लिहून काढली. 'मल्टिक्स'मधल्या अनेकत्वाला चिमटा काढून 'एक' सुचवणारे हे नाव ब्रायन कर्निघन यांनी सुचवले, असे सांगतात.

आता ही प्रणाली करते काय, हे थोडे सांगायला हवे. संगणक विकत घेतला तरी तो आपण होऊन काही करत नाही. चकतीवर कुठे काय ठेवले आहे, स्मृतीचा कोणता भाग कोणत्या प्रोग्रॅमला द्यायचा, की-बोर्डवर दाबलेले अक्षर कुणाकडे पाठवायचे, हा सारा कारभार पाहणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. त्या काळच्या बहुतेक प्रणालींत फायलींचे नाना प्रकार असत, प्रत्येक उपकरणाशी वेगळ्या तऱ्हेने बोलावे लागे. युनिक्सने म्हटले, फाइल म्हणजे एकामागोमाग एक आलेल्या बाइटची रांग, बाकी काही नाही. टंकयंत्र असो वा चकती, प्रोग्रॅमने तिच्याकडे फाइल म्हणूनच पाहायचे. हे इतके सोपे वाटते, की यात शोध तो कसला, असा प्रश्न पडावा.

या सोपेपणातूनच पुढची युक्ती शक्य झाली. सहकारी डग्लस मॅकिलरॉय यांचा आग्रह होता, की बागेतल्या पाण्याच्या नळ्या जशा एकमेकींना जोडता येतात, तसे छोटे छोटे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. थॉम्प्सन यांनी ही 'पाइप'ची सोय १९७३ साली एका रात्रीत प्रणालीत बसवली. समजा, तुमच्याकडे एखाद्या प्रभागाची मतदारयादी आहे आणि त्यात कुलकर्णी किती, हे हवे आहे. एक प्रोग्रॅम यादीतून त्या आडनावाच्या ओळी वेचतो, दुसरा त्या अकारविल्हे लावतो, तिसरा दुबार नावे गाळतो, चौथा मोजतो. या चौघांपैकी एकालाही मतदारयादी म्हणजे काय हे माहीत नसते. प्रत्येकाला एकच काम येते आणि ते चोख येते. ओळी वेचणाऱ्या त्या पहिल्या प्रोग्रॅमचे नाव 'ग्रेप'. तोही थॉम्प्सन यांचाच. त्यांच्या एडिटरमध्ये 'सर्वत्र हा नमुना शोध आणि छाप' अशी जी आज्ञा होती, तिची आद्याक्षरे म्हणजे ते नाव. नमुना शोधण्याची जलद रीत त्यांनी १९६८च्या एका निबंधात मांडली होती.

युनिक्स आधी यंत्रभाषेच्या जवळ जाणाऱ्या असेम्ब्ली भाषेत होती, म्हणजे यंत्र बदलले की सारे नव्याने लिहिणे आले. थॉम्प्सन यांची 'बी' भाषा हाताशी होती. रिची यांनी तिच्यात भर घालून, तिची जवळजवळ पुनर्रचना करून 'सी' भाषा तयार केली आणि १९७३च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा 'सी'मध्ये लिहिला गेला. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या किमान दोन पिढ्यांनी नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' उशाशी घेऊन रात्री काढल्या, त्या याच भाषेसाठी.

युनिक्स जगभर पोचली, त्याला कायद्याचा एक विचित्र हातभार लागला. १९५६ सालच्या एका तडजोडीनुसार एटी अँड टीला दूरध्वनीखेरीज अन्य व्यवसायात उतरायला मनाई होती. तेव्हा युनिक्स विकायला बंदी, पण विद्यापीठांना नाममात्र शुल्कात द्यायला हरकत नव्हती. आज्ञावलीचा मूळ मजकूर सोबत जाई. विद्यार्थी तो वाचत, दुरुस्त करत, भर घालत. १९७५-७६ मध्ये थॉम्प्सन स्वतः वर्षभर बर्कलीला शिकवायला गेले आणि तेथून युनिक्सची एक वेगळी शाखाच फुटली. १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या लिनक्समध्ये थॉम्प्सन यांची एकही ओळ नाही, पण तिचा आराखडा युनिक्सचाच. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स असते, आयफोनच्या पोटात बर्कलीच्या वंशातली प्रणाली. जगातले सर्वांत वेगवान असे गणले जाणारे पाचशेच्या पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालत आले आहेत. हे सारे पाहिल्यावर कुणी तरी थॉम्प्सन यांना विचारले, युनिक्स पुन्हा लिहायची झाली तर काय बदलाल? फाइल तयार करण्याच्या 'क्रिएट' या आज्ञेच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यांनी शेवटचे 'ई' गाळले होते. ते घालीन, असे उत्तर मिळाले.

१९८३चा ट्युरिंग पुरस्कार थॉम्प्सन आणि रिची यांना मिळून देण्यात आला. अशा वेळी विजेत्याने आपल्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असते. थॉम्प्सन यांनी युनिक्सबद्दल जवळजवळ काहीच न बोलता श्रोत्यांची झोप उडवणारा एक प्रयोग सांगितला. प्रोग्रॅमर जे लिहितो, त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर कम्पायलर नावाचा प्रोग्रॅम करतो. हा कम्पायलर म्हणजे दुभाषाच. समजा, दुभाषा लबाड आहे. पासवर्ड तपासणारा प्रोग्रॅम रूपांतरासाठी आला, की तो त्यात गुपचूप एक चोरवाट घालतो. पण ही लबाडी दुभाषाच्या स्वतःच्या मूळ मजकुरात दिसेल, वाचणारा पकडेल. म्हणून पुढची पायरी. दुभाषालाही कधी तरी स्वतःचे रूपांतर करावे लागते, कारण तोही एक प्रोग्रॅमच. तेव्हा आपला स्वतःचाच मजकूर समोर आला आहे हे ओळखून नव्या आवृत्तीत लबाडी पुन्हा घालायची, हेही त्याला शिकवून ठेवायचे. हे एकदा साधले, की मूळ मजकुरातून लबाडीच्या साऱ्या ओळी खुशाल पुसून टाकाव्यात. मजकूर निर्मळ, वाचणाऱ्याला काही सापडणार नाही आणि चोरवाट पिढ्यान् पिढ्या चालू राहील.

हे केवळ तर्काचे खेळ नव्हते, त्यांनी असा कम्पायलर खरोखर लिहिला होता. मूळ कल्पना अमेरिकी हवाई दलाच्या, मल्टिक्सची सुरक्षा तपासणाऱ्या एका अहवालात आपण वाचली होती, हे सांगायलाही ते विसरले नाहीत. जी आज्ञावली संपूर्णपणे तुम्ही स्वतः लिहिलेली नाही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. मतदानयंत्रे असोत, बँकेचे व्यवहार असोत, की परक्या देशातून आलेली दूरसंचार उपकरणे, 'आम्ही मूळ मजकूर तपासून घेतला आहे' असे आश्वासन जेव्हा जेव्हा मिळते, तेव्हा १९८४ साली छापले गेलेले हे काही पानांचे भाषण आठवावे.

थॉम्प्सन यांचा दुसरा ध्यास बुद्धिबळाचा. खेळाडू म्हणून नव्हे, यंत्राला खेळवणारे म्हणून. जो काँडन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी 'बेल' नावाचे केवळ बुद्धिबळासाठीचे यंत्र बांधले. सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती तपासणाऱ्या या यंत्राने १९८० साली संगणकांचे जगज्जेतेपद मिळवले आणि १९८३मध्ये अमेरिकेत 'मास्टर' दर्जा मिळवणारे ते पहिले यंत्र ठरले. १९८२ साली ते मॉस्कोला नेत असताना अमेरिकी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी विमानतळावरच जप्त केले. प्रगत तंत्रज्ञान शत्रूच्या हाती पडेल, अशी शंका! या यंत्राचा लष्करी उपयोग एकच, विमानातून कुणाच्या डोक्यावर टाकले तर माणूस मरेल, अशा अर्थाचे उत्तर थॉम्प्सन यांनी दिले.

आमच्या मते यंत्राच्या विजेतेपदाहून मोलाचे काम त्यांनी डावाच्या अखेरीबाबत केले. पटावर चार-पाचच मोहरी उरली, की शक्य त्या सर्व स्थितींची यादी करता येते. मात झालेल्या स्थितींपासून सुरुवात करून एकेक चाल मागे जात जात प्रत्येक स्थितीत सर्वोत्तम चाल कोणती, हे निःसंशय ठरवता येते. वजीर विरुद्ध हत्ती ही स्थिती वजीरवाल्याने सहज जिंकावी, असे पुस्तके सांगत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊन यांनी पन्नास चालींच्या आत जिंकून दाखवण्याची पैज थॉम्प्सन यांच्या यंत्राशी लावली आणि ते हरले. यंत्राने कुणा माणसाला न सुचणारा चिवट बचाव केला. ब्राऊन यांनी अभ्यास करून पुन्हा सामना मागितला आणि बरोबर पन्नासाव्या चालीला जिंकले.

बुद्धिबळ त्यांच्या मनात किती मुरले होते, याचा पुरावा २०१९ साली हाती आला. युनिक्सच्या बर्कली शाखेच्या एका जुन्या प्रतीत त्या काळच्या मंडळींचे कूटबद्ध पासवर्ड तसेच राहून गेले होते. हौशी लोकांनी एकेक उलगडले. थॉम्प्सन यांचा दाद देईना. अखेर आधुनिक यंत्राला चार दिवसांहून अधिक काळ राबवून तो निघाला: 'पी/क्यू२-क्यू४!'. जुन्या इंग्रजी लेखनपद्धतीत वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवण्याची ही चाल. थॉम्प्सन यांनी एका शब्दात अभिनंदन कळवले.

आता मराठी वाचकाच्या थेट जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येऊ. मी कॉलेजात असताना सायबर कॅफेत एका मराठी दैनिकाचे पान उघडले, की पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे आणि रोमन अक्षरांचा सडा पडे. त्या दैनिकाचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे आणि कॅफेवाला तो संगणकात घालू देत नसे. प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट निराळा, एकातला मजकूर दुसऱ्यात नेला तर त्याची भेळ. शोधयंत्राला तर तो मजकूर मराठी आहे, हेही कळत नसे. याचे कारण असे, की संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे क्रमांक आणि त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवून काम भागवत. जगातल्या सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देण्याचे काम युनिकोडने केले. देवनागरीची मांडणी त्यात भारताच्या 'इस्की' या प्रमाणावरून आली. पण क्रमांक ठरवला, तरी तो बाइटमध्ये लिहायचा कसा, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक अक्षराला सरसकट दोन बाइट द्यावेत, ही सुचवलेली पद्धत जुन्या प्रोग्रॅमना पचणारी नव्हती. त्यात साध्या इंग्रजी अक्षरासोबतही एक शून्य बाइट येई आणि युनिक्समधले प्रोग्रॅम शून्य दिसले, की मजकूर संपला असे समजत.

सप्टेंबर १९९२मध्ये बेल लॅब्जमधल्या थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांना एका प्रमाणीकरण समितीचा फोन आला. समितीच्या डोळ्यांपुढे एक पद्धत होती, तिच्यावर या दोघांचे मत हवे होते. आम्हीच एक चांगली पद्धत देतो, असे सांगून दोघे जेवायला बाहेर पडले. न्यू जर्सीतल्या एका साध्या उपाहारगृहात, ताटाखाली अंथरलेल्या कागदावर, थॉम्प्सन यांनी बाइटची मांडणी करून दाखवली. तीच यूटीएफ-८. त्याच रात्री त्यांनी ती प्रोग्रॅममध्ये उतरवली आणि आठवडा संपण्याच्या आत त्यांची 'प्लॅन ९' ही नवी प्रणाली तिच्यावर चालू लागली. तो कागद जपून ठेवला नाही, याची हळहळ पाइक यांनी पुढे व्यक्त केली आहे.

पद्धत अशी. इंग्रजी अक्षरे पूर्वीसारखीच एका बाइटची, त्यामुळे जुना एकही मजकूर बिघडत नाही. इतर अक्षरांना दोन, तीन वा अधिक बाइट. त्यातला पहिला बाइट आपल्या सुरुवातीच्या चिन्हांतून 'माझ्यासह एकूण तिघे आहोत' असे सांगतो आणि मागचे सारे बाइट 'एक-शून्य' या खुणेने सुरू होतात. प्रवासात काही बाइट गहाळ झाले, तरी वाचणारा पुढचे अक्षर कुठे सुरू होते ते चटकन ओळखतो. आपले 'क' हे अक्षर १११०००००, १०१००१००, १००१०१०१ अशा तीन बाइटमध्ये मावते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणून पंधरा बाइट. हाच शब्द रोमन लिपीत लिहिला तर सातच. यात आपल्यावर थोडा अन्याय झाला, हे कबूल करायला हवे. दोन बाइटमध्ये २०४७ क्रमांकापर्यंतची अक्षरे मावतात. ग्रीक, रशियन, अरबी त्यात बसल्या. देवनागरी सुरू होते २३०४ला.

मराठी महाजालावर रुळली, याचे सारे श्रेय त्या ताटाखालच्या कागदाला देणे अर्थात चूक होईल. युनिकोड, देवनागरी जोडाक्षरे जुळवू शकणारे फॉन्ट, विंडोज २०००पासून मिळालेला आधार, हे सारे जुळून यावे लागले. पण आज जगातली बहुतांश संकेतस्थळे यूटीएफ-८मध्येच असतात आणि मराठी बातमी कुठल्याही फोनवर काही न उतरवता वाचता येते, ती त्या मांडणीमुळे.

१ डिसेंबर २००० रोजी थॉम्प्सन बेल लॅब्जमधून निवृत्त झाले. विमान चालवण्याची जुनी हौस होतीच. मधली काही वर्षे एका छोट्या कंपनीत गेली आणि मग आले गूगल. प्रचंड आकाराचे प्रोग्रॅम 'सी प्लस प्लस'मध्ये रूपांतरित व्हायला फार वेळ लागतो, या वैतागातून सप्टेंबर २००७मध्ये थॉम्प्सन, पाइक आणि रॉबर्ट ग्रीसमर यांनी 'गो' ही भाषा आखायला घेतली. नवे काही घालायचे, तर तिघांचेही त्यावर एकमत व्हावे लागे. १० नोव्हेंबर २००९ रोजी ती जगापुढे आली आणि पुढच्या दशकात सर्व्हरच्या जगात तिने चांगले बस्तान बसवले. तिचा मूळ मजकूर यूटीएफ-८मध्येच लिहायचा असतो. गंमत म्हणजे तिच्यात चलाला 'वजन' असे मराठी नाव देता येते, पण 'किंमत' देता येत नाही. तिच्या नियमांत नावात अक्षरे चालतात, आणि आपली वेलांटी व अनुस्वार त्यांच्या व्याख्येत अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे आहेत. यूटीएफ-८च्या जनकाच्या भाषेत हे राहून जावे, याची चुटपुट लागते.

रिची ऑक्टोबर २०११मध्ये गेले. मार्च २०२३मध्ये, वयाची ८० वर्षे पूर्ण केलेले थॉम्प्सन कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना येथे लिनक्सप्रेमींच्या मेळाव्यात समारोपाचे भाषण करायला उभे राहिले. लोक युनिक्सच्या आठवणी ऐकायला आले होते. त्यांनी विषय काढला तो आपल्या गाण्यांच्या संग्रहाचा. शतकभराची लोकप्रिय गाणी गोळा करून ती संगणकात कशी साठवली, मजकूर लहान कसा केला, आपोआप वाजणारा पियानो त्या संग्रहाला कसा जोडला, याची ती तपशीलवार हकीकत होती. शेवटी एका श्रोत्याने विचारले, तुम्ही स्वतः सध्या कोणती प्रणाली वापरता? आयुष्याचा बराच काळ अॅपल वापरले, पण अलीकडे त्याने निराशा केली, आता छोट्याशा रास्पबेरी पाय संगणकासाठीच्या लिनक्सवर आलो आहे, असे त्यांनी सांगितले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.